सोन्याच्या इलेक्ट्रोडवर पटकीचं जनुक कसं पकडायचं

पाण्याच्या नमुन्यात व्हिब्रिओ कॉलरी हा जीवाणू सापडला म्हणजे पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ येणारच, असं नाही. खाडीच्या, मचूळ पाण्यात हा जीवाणू प्लवकांच्या अंगाखांद्यावर एरवीही राहतो आणि त्यातले बहुतेक प्रकार साथ पसरवत नाहीत. पटकी होते ती त्याच्या विषामुळे. जीवाणू गाळून काढलेल्या द्रवातही हे विष असतं आणि सशाच्या आतड्यात ते तसाच स्राव घडवतं, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिलं. पुढे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलानोस यांनी सिद्ध केलं की या विषाची जनुकं जीवाणूला एका फाजकडून, म्हणजे जीवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूकडून मिळालेली असतात. एकाच जातीच्या दोन जीवाणूंपैकी एक घातक आणि दुसरा निरुपद्रवी असू शकतो, तो यामुळे.

म्हणून पाण्याला विचारायचा प्रश्न ‘जीवाणू आहे का’ एवढ्यावर थांबवू नये. ‘या विषाचं सीटीएक्स-ए हे जनुक आहे का’ असा तो हवा. एकोणिसाव्या शतकात यात्रांच्या गर्दीबरोबर पटकी महाराष्ट्रात गावोगाव पोचायची. आजही पावसाळ्यात नळाची आणि गटाराची लाइन कुठे एकमेकींत मिसळली की पहिली धास्ती तिचीच असते. हे जनुक जागेवर, स्वस्तात ओळखता आलं तर त्याचा उपयोग किती, हे वेगळं सांगायला नको.

हे जनुक ओळखणारा, विजेच्या करंटवर चालणारा सेन्सर कसा बनवायचा, हे सांगणारा हा लेख एमएस्सी, एमटेकचा प्रकल्प करणाऱ्यांसाठी आणि पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींसाठी आहे. यातलं जवळजवळ सगळं काम कृत्रिम, ऑर्डर देऊन बनवून घेतलेल्या डीएनएच्या तुकड्यांवर होतं. पटकीचा जिवंत जीवाणू हाताळायची गरज नाही. शेवटच्या टप्प्यात खरा डीएनए लागेल, तो संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घेऊन, अधिकृत प्रयोगशाळेतून काढून आणलेलाच घ्यावा.

आधी कागदावर आकडेमोड

नॅनोकण, ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब यांच्या मोहात पडण्याआधी एक पान आकडेमोडीला द्या. माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचं भवितव्य या पानावर ठरतं.

आपण जो सेन्सर बनवणार आहोत त्याची रचना अशी: सोन्याच्या इलेक्ट्रोडवर एकपदरी डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रोब, एका टोकाने पक्का बसवलेला. दुसऱ्या टोकाला मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रेणू. प्रोब मोकळा असताना हा रेणू सोन्याजवळ येतो, इलेक्ट्रॉन देतो-घेतो आणि करंट मिळतो. समोरचा पूरक डीएनए प्रोबला जुळला की जोडी ताठ होते, मेथिलीन ब्लू सोन्यापासून लांब जातो आणि करंट घटतो. ही घट म्हणजे आपला सिग्नल. या कल्पनेचं पहिलं रूप २००३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या फॅन, प्लॅक्सको आणि हीगर यांनी मांडलं. त्यांनी मेथिलीन ब्लूऐवजी फेरोसीन वापरलं होतं.

आता मोजू. २ मिलिमीटर व्यासाच्या इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस सेंटिमीटर. चांगल्या थरात एका चौरस सेंटिमीटरवर साधारण ३ लाख कोटी प्रोब बसतात. म्हणजे आपल्या इलेक्ट्रोडवर सुमारे ९,४०० कोटी. त्यावर १० मायक्रोलिटर नमुना ठेवला आणि त्यात जनुकाचं प्रमाण १ पिकोमोलर (लिटरमागे मोलचा एक लाख कोटीवा भाग) असलं, तर त्या थेंबात रेणू किती? ६० लाख. हे साठच्या साठ लाख प्रोबला जाऊन चिकटले असं धरलं, तरी व्यापले गेलेले प्रोब ०.००६ टक्के. एवढी घट कुठलंही यंत्र दाखवू शकत नाही.

करंटमध्ये १ टक्का घट हवी असेल तर एकही रेणू वाया न जाता सुमारे १५० पिकोमोलर लागतील. दोन रीडिंगमधला नेहमीचा फरकच २-३ टक्के असतो, म्हणून विश्वास ठेवण्याजोगी घट निदान ५ टक्के धरायची. मग आपण पाऊण ते एक नॅनोमोलरवर येतो (१,००० पिकोमोलर म्हणजे १ नॅनोमोलर). १ नॅनोमोलर म्हणजे त्याच थेंबात ६०० कोटी प्रती. लिटरभर पाण्यात शे-दोनशे घातक जीवाणू असताना एवढ्या प्रती आणायच्या कुठून?

याचं उत्तर एकच: जनुकाच्या प्रती आधी वाढवून घ्यायच्या, मग सेन्सरवर आणायच्या. प्रती वाढवण्याला प्रवर्धन म्हणतात आणि पीसीआर ही त्याची नेहमीची पद्धत. अशा रचनेतून, प्रवर्धन न करता, एवढ्याशा थेंबात फेम्टोमोलरपर्यंत (पिकोमोलरच्या हजाराव्या भागापर्यंत) ओळख पटते असा दावा वाचलात तर हीच आकडेमोड त्याला लावून बघा. एन्झाइमची जोड देऊन सिग्नल मोठा करणारे सेन्सर याहून खाली जाऊ शकतात, कारण तिथे एकेक रेणू हजारो वेळा काम करतो. पण ज्यात प्रोबचा स्वतःचाच सिग्नल घटतो, त्यात रेणूंची मोजदाद चुकवता येत नाही.

‘पीसीआर करायचाच असेल तर सेन्सर कशाला?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो आणि तो रास्त आहे. प्रकाशावर चालणाऱ्या महागड्या यंत्राची गरज संपते, हे एक उत्तर. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एकाच तापमानाला चालणाऱ्या लॅम्प (एलएएमपी) सारख्या प्रवर्धनाच्या पद्धतीत भलतंच उत्पादन वाढण्याचा धोका असतो, आणि ‘वाढलेलं हे खरंच सीटीएक्स-ए आहे का’ याची दुसरी, स्वतंत्र तपासणी प्रोब करून देतो.

प्रोब कुठला निवडायचा

सीटीएक्स-ए जनुक ७७७ बेसजोड्यांचं आहे. त्यातला २० ते ३० बेसचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा तुकडा आपल्याला हवा. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या ऑनलाइन संग्रहातून जनुकाचा क्रम उतरवून घ्या आणि निवडलेला तुकडा ब्लास्टवर, म्हणजे जुळणारे क्रम शोधून देणाऱ्या साधनावर टाका. इथे एक सापळा आहे. ई. कोलायच्या काही जाती उष्णतेने नष्ट होणारं एक विष बनवतात, त्याला एलटी म्हणतात. त्याची जनुकं पटकीच्या विषाच्या जनुकांशी सुमारे ८० टक्के जुळतात. आपल्याकडच्या जुलाबांत हे ई. कोलाय सर्रास आढळतात. म्हणून दोन्ही जनुकांचे क्रम एकाखाली एक मांडा आणि जिथे निदान पाच-सहा बेस वेगळे आहेत, तेही तुकड्याच्या मधल्या भागात, तीच जागा घ्या. टोकाला असलेला फरक फारसा उपयोगी पडत नाही, कारण तिथली जोडी सुटली तरी मधली टिकून राहते.

नुसता सरळ प्रोबही चालतो. घट जास्त हवी असेल तर दोन्ही टोकांना परस्परपूरक पाच-सहा बेस जोडून त्याला केसाच्या पिनेचा आकार देतात. तो तसा दुमडतो का, आणि नको तिथे आणखी दुमडत नाही ना, हे एमफोल्डसारख्या सॉफ्टवेअरवर बघून मगच ऑर्डर द्या. डीएनएच्या पदराच्या दोन टोकांना ५ प्राइम आणि ३ प्राइम म्हणतात. ऑर्डरमध्ये ५ प्राइम टोकाला सहा कार्बनच्या साखळीसह थायोल (सोन्याला पक्का धरणारा गंधकाचा गट) आणि ३ प्राइम टोकाला मेथिलीन ब्लू मागवा, शुद्धीकरण एचपीएलसी या क्रोमॅटोग्राफीने. सोबत चार साधे तुकडे मागवायचे: पूर्ण पूरक, एका बेसचा फरक असलेला, एलटी जनुकातला त्याच जागेचा, आणि काहीच संबंध नसलेला. हे चार खर्चाने किरकोळ आहेत, पण तुमच्या निष्कर्षाचं वजन त्यांच्यावर आहे.

आणखी एक गोष्ट, जी ऑर्डर गेल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. पुढे असममित पीसीआरमध्ये डीएनएच्या दोन पदरांपैकी एकच जास्त बनणार आहे. प्रोब त्या पदराला पूरक हवा. जो प्रायमर, म्हणजे प्रत बनायला सुरुवात करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा, तुम्ही जास्त घालाल, त्याच्यापासून सुरू होणारा पदर जास्त बनतो. म्हणून प्रोबची दिशा कमी घातलेल्या प्रायमरसारखी हवी आणि त्याची जागा त्या प्रायमरच्या लगत, पण त्याच्यावर न चढणारी. असं केलं की जुळलेल्या पदराची लांब शेपटी सोन्यापासून दूर, द्रावणाच्या बाजूला राहते. उलट केलंत तर ती शेपटी पृष्ठभाग आणि प्रोब यांच्यात अडकते आणि जुळणी मंदावते. चार पेट्यांचं चित्र काढून, बाणाने दिशा दाखवून हे गाइडबरोबर तपासून घ्या. पीसीआरचा तुकडा ८० ते १५० बेसजोड्यांचाच ठेवा.

साहित्य

लागणाऱ्या वस्तू फार नाहीत: सोन्याचे डिस्क इलेक्ट्रोड (निदान सहा), प्लॅटिनमची तार, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड, पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज लावून करंट मोजणारं यंत्र) आणि रसायनं. कॉलेजात पोटेन्शिओस्टॅट नसेल तर नाउमेद होऊ नका. २०११ साली चीपस्टॅट आणि २०१५ साली डीस्टॅट या उपकरणांचे आराखडे त्यांच्या निर्मात्यांनी सर्वांसाठी खुले केले. इलेक्ट्रॉनिक्स विभागातल्या कुणाची साथ मिळाली तर असं यंत्र तुमच्याकडेही बनू शकतं. छापील, एकदाच वापरायचे इलेक्ट्रोडही मिळतात आणि शेतावर, विहिरीवर न्यायला तेच बरे. पण शिकताना डिस्कवर शिका. डिस्क घासून पुन्हा वापरता येते आणि तिचा पृष्ठभाग तुमच्या हातात असतो.

छापील इलेक्ट्रोडवर गेलात तर एवढं ध्यानात ठेवा: त्यांच्यावरचा चांदीचा संदर्भ इलेक्ट्रोड द्रावणातल्या क्लोराइडवर अवलंबून असतो. मिठाचं प्रमाण दहापट बदललं की करंटच्या आलेखातलं पीक, म्हणजे शिखर, जवळजवळ ५९ मिलिव्होल्टने सरकतं. पीक सरकलं म्हणजे डीएनए जुळला, असा अर्थ लावू नका.

सोनं स्वच्छ करणं

सेन्सर ‘चालत नाही’ याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं, म्हणून या पायरीला घाई नको. शक्य असेल तर अख्खा एक दिवस फक्त हेच करा.

पॉलिशिंग पॅडवर ॲल्युमिनाची पूड पाण्यात कालवून घ्या: आधी १ मायक्रॉनची, मग ०.३, शेवटी ०.०५. इलेक्ट्रोड काटकोनात उभा धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवत प्रत्येक पुडीवर दोन-तीन मिनिटं घासा. प्रत्येक पुडीला पॅड वेगळं ठेवा. मधे मधे भरपूर पाण्याने धुवा आणि शेवटी आधी इथेनॉलमध्ये, मग पाण्यात पाच-पाच मिनिटं सोनिकेट करा, म्हणजे अतिध्वनी लहरींनी साफ करा. चेहरा दिसेल असं सोनं चकाकलं तरी ते स्वच्छ असेलच असं नाही. रेणूंच्या पातळीवरची घाण डोळ्यांना दिसत नाही.

ती दिसते सल्फ्युरिक आम्लात. ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल घेऊन ० ते १.५ व्होल्टपर्यंत चक्री व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज पुढे-मागे फिरवत करंट मोजणं) चालवा आणि वक्ररेषा एकावर एक बसेपर्यंत चालवत राहा. वर जाताना १.१ व्होल्टच्या पुढे सोन्याचं ऑक्साइड बनतं आणि परत येताना ०.९ व्होल्टच्या आसपास ते मोडतं. परतीचं हे पीक एकच, अणकुचीदार आणि दोन्ही बाजूंनी नेटकं असायला हवं. खांदा दिसला, पीक पसरट आलं किंवा प्रत्येक फेरीत वक्र सरकत राहिला तर पुन्हा पॅडवर जा.

या पिकाखालचं क्षेत्रफळ तुम्हाला इलेक्ट्रोडचं खरं क्षेत्रफळही सांगतं. सोन्यासाठी प्रति चौरस सेंटिमीटर ३९० मायक्रोकूलॉम हा आकडा रूढ आहे. समजा पिकाखाली १८ मायक्रोकूलॉम भरले. १८ भागिले ३९०, म्हणजे खरं क्षेत्रफळ ०.०४६ चौरस सेंटिमीटर. भूमितीने ते ०.०३१४ होतं, म्हणजे खडबडीतपणा जवळपास दीडपट. १.२ ते २ मध्ये असेल तर ठीक. हा आकडा प्रत्येक इलेक्ट्रोडच्या नावापुढे वहीत लिहून ठेवा. पुढे दोन इलेक्ट्रोडचे करंट वेगळे आले की पहिलं स्पष्टीकरण इथेच सापडेल.

सोनं साफ करायला पिरान्हा द्रावण वापरण्याची पद्धत जुनी आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं हे मिश्रण सेंद्रिय पदार्थ लागला तर भडकू शकतं. विद्यार्थ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. वर सांगितलेल्या पद्धतीने काम पूर्ण भागतं.

प्रोब बसवणं

थायोल लावलेले प्रोब बहुधा डायसल्फाइडच्या, म्हणजे दोन थायोल एकमेकांना जोडलेल्या रूपात येतात. ते बंध आधी सोडवायला हवेत. प्रोबमध्ये हे बंध तोडणारं टीसीईपी १० मिलिमोलर घालून अंधारात तासभर ठेवा. मेथिलीन ब्लूचा निळा रंग मावळतो. तो बिघाड समजू नका, टीसीईपी त्यालाही क्षपित करतं आणि पुढे धुतल्यावर तो पूर्ववत होतो. टीसीईपीऐवजी डीटीटी हे तशाच कामाचं रसायन वापरलंत तर ते कॉलममधून काढून टाकावंच लागतं, कारण डीटीटीत स्वतःचेच थायोल असतात आणि ते प्रोबच्या आधी सोन्यावर जागा धरतात.

मग १ मोलर मीठ असलेल्या ट्रिस बफरमध्ये, पीएच ७.४, प्रोब पातळ करा. मीठ एवढं का? डीएनएच्या प्रत्येक दुव्यावर ऋणभार असतो, प्रोब एकमेकांना ढकलतात. मीठ तो भार झाकतं आणि त्यांना जवळजवळ बसू देतं.

किती जवळ, हा कळीचा प्रश्न आहे. चौरस सेंटिमीटरला ३ लाख कोटी म्हणजे दोन प्रोबमध्ये सरासरी पावणेसहा नॅनोमीटर अंतर. जुळलेल्या डीएनएची जाडी २ नॅनोमीटर, म्हणजे येणाऱ्या पदराला शिरायला वाव राहतो. घनता तिप्पट केली तर अंतर सव्वातीनवर येतं आणि दाट लावलेल्या उसात शिरावं तशी त्या पदराची गत होते. करंट मोठा दिसतो, घट मात्र जेमतेम. म्हणून ०.०५ ते १ मायक्रोमोलरपर्यंत प्रोबची चार-पाच वेगवेगळी द्रावणं करा, प्रत्येकात एकेक इलेक्ट्रोड तासभर ठेवा आणि कुठे घट सर्वांत जास्त मिळते ते पाहा. घनता अंदाजाने सांगू नका, मोजा. मंद चक्री व्होल्टॅमेट्रीतून मेथिलीन ब्लूच्या पिकाखालचा विद्युतभार काढा. प्रत्येक रेणूमागे दोन इलेक्ट्रॉन धरले तर ३ लाख कोटींच्या घनतेला, ०.०३१४ चौरस सेंटिमीटरवर, सुमारे ३० नॅनोकूलॉम यायला हवेत. वर काढलेलं खरं क्षेत्रफळ घेतलंत तर आकडा त्या प्रमाणात वाढेल.

यानंतर इलेक्ट्रोड धुऊन १ ते २ मिलिमोलर मरकॅप्टोहेक्सॅनॉलमध्ये अर्धा-एक तास. हा छोटा रेणू दोन कामं करतो. उघड्या सोन्यावर थर धरतो, म्हणजे प्रथिनं आणि भलता डीएनए तिथे चिकटत नाही. आणि सोन्यावर आडवे पडलेले प्रोब उचलून उभे करतो. ही पायरी टाळली तर जे काही मोजाल त्याचा अर्थ लावता येणार नाही. वास उग्र असतो, फ्यूम हूडमध्येच काम करा आणि द्रावण रोज ताजं करा.

मोजणी

मोजणीच्या बफरमध्ये इलेक्ट्रोड अर्धा-एक तास नुसता ठेवून, दर दहा मिनिटांनी एक स्कॅन घ्या. सुरुवातीला पीक हळूहळू बदलत राहतं. सलग तीन स्कॅन सारखे आले की मगच खरं काम सुरू करायचं.

स्क्वेअर वेव्ह व्होल्टॅमेट्री (व्होल्टेज चौकोनी लाटांनी बदलत करंट मोजणं) वापरा: ० पासून उणे ०.५ व्होल्टपर्यंत, मोठेपणा २५ मिलिव्होल्ट, वारंवारता ६० हर्ट्झपासून सुरू. मेथिलीन ब्लूचं पीक उणे ०.२५ ते उणे ०.३ व्होल्टच्या आसपास येतं. मग १० ते ५०० हर्ट्झमध्ये वारंवारता बदलून, पूरक डीएनए घातल्यावर सर्वांत मोठी घट कुठे मिळते ते शोधा आणि तीच पुढे कायम ठेवा. उणे ०.६ व्होल्टच्या खाली विनाकारण जाऊ नका. जितकं खाली जाल तितका थायोलचा थर सोन्यावरून निखळण्याचा धोका वाढतो.

आता पूरक डीएनए, १०० नॅनोमोलर. इलेक्ट्रोड उलटा धरून त्यावर १० मायक्रोलिटर थेंब, वरून ओलसर झाकण, म्हणजे थेंब वाळणार नाही. अर्ध्या तासाने धुऊन पुन्हा स्कॅन. घटीची टक्केवारी काढा: आधीच्या करंटमधून नंतरचा वजा करून आधीच्याने भागायचं.

घट दिसली की आनंद होतोच. पण करंट दोन कारणांनी घटतो, डीएनए जुळल्यामुळे किंवा थर झडल्यामुळे, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वेगळं करायची सोपी कसोटी आहे. इलेक्ट्रोड अर्धा मिनिट विआयनित पाण्याच्या धारेखाली धरा. मीठ गेलं की जोडी सुटते. परत बफरमध्ये स्कॅन घ्या. करंट मूळ उंचीला आला तर ती घट जुळणीचीच होती. आला नाही, तर थर झडतोय आणि मागच्या पायरीवर परत जावं लागेल. मला विचाराल तर ही कसोटी प्रत्येक इलेक्ट्रोडवर एकदा झालीच पाहिजे. प्रबंधात तिचा आलेख असेल तर परीक्षकाचा विश्वास निम्मा तिथेच बसतो.

बरेच विद्यार्थी मेथिलीन ब्लूचा खर्च वाचवायला फेरी-फेरोसायनाइडसह प्रतिबाधा (इम्पीडन्स), म्हणजे करंटला होणारा रोध मोजतात. पद्धत चांगली आहे, पण इलेक्ट्रोडवर काहीही चिकटलं तरी रोध वाढतो, मग ते जनुक असो की पीसीआरमधलं प्रथिन. शिवाय ते द्रावण आम्लात मिसळू देऊ नका, त्यातून विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

कॅलिब्रेशन

०, १, ३, १०, ३०, १००, ३०० नॅनोमोलर एवढे बिंदू पुरेत. प्रत्येक बिंदूला तीन वेगवेगळे, स्वतंत्रपणे घासलेले आणि प्रोब बसवलेले इलेक्ट्रोड हवेत. एकाच इलेक्ट्रोडचे तीन स्कॅन घेऊन त्यांना तीन प्रयोग म्हणू नये. त्यातून यंत्राची स्थिरता कळते, तुमच्या पद्धतीची नाही.

घट विरुद्ध प्रमाण यांचा आलेख आधी चढतो आणि मग सपाट होतो, कारण प्रोब भरत जातात. त्याला अशा भरत जाणाऱ्या जागांसाठीचं लँगम्युअरचं समीकरण लावा. प्रमाणाचा लॉगॅरिथम घेऊन सरळ रेषा ओढायची आणि मग तिचा उतार घेऊन ‘प्रमाण विचलनाच्या तिप्पट भागिले उतार’ या सूत्राने शोधमर्यादा काढायची, हा प्रकार फार बोकाळला आहे. ते सूत्र साध्या मापनपट्टीवरच्या, शून्याजवळच्या सरळ भागासाठी आहे. लॉगच्या उताराला लावलं की कितीही लहान आकडा काढता येतो. शून्य नमुन्याची निदान दहा रीडिंग घ्या, त्यांची सरासरी आणि विचलन काढा आणि त्या रेषेच्या स्पष्टपणे वर कुठला बिंदू पहिल्यांदा येतो ते सांगा. आकडा मोठा आला तरी हरकत नाही. आधीच्या आकडेमोडीने आपल्याला १ नॅनोमोलरच्या आसपासच सोडलं होतं.

मग उरलेले तीन तुकडे, १०० नॅनोमोलरने. असंबंधित तुकड्याने घट २-३ टक्क्यांच्या आत राहायला हवी. एलटीचा तुकडा आणि एका बेसचा फरक असलेला तुकडा जास्त जुळत असतील तर धुताना मीठ कमी करा किंवा तापमान वाढवा.

पाण्यापासून सेन्सरपर्यंत

लिटरभर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळायचं आणि पडदा अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये ३७ अंशाला सहा-आठ तास ठेवायचा. व्हिब्रिओला हे आम्लारिधर्मी माध्यम मानवतं, बाकीचे बरेच मागे पडतात. त्यातून थोडं घेऊन, सेंट्रिफ्यूज करून, उरलेला गाळ पाण्यात मिसळून दहा मिनिटं उकळत्या पाण्यात. पुन्हा सेंट्रिफ्यूज, वरचं पाणी म्हणजे तुमचा डीएनए. हा भाग खऱ्या नमुन्यांवर फक्त योग्य सोय असलेल्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतच व्हावा.

पीसीआरमध्ये एक प्रायमर दुसऱ्याच्या दहा ते पन्नासपट घाला आणि ३५ ते ४० फेऱ्या चालवा. जास्तीचा एकपदरी डीएनए तयार होतो, सेन्सरला तोच हवा. साध्या पीसीआरचं दुपदरी उत्पादन ९५ अंशाला तापवून लगेच बर्फात ठेवलं तरी दोन पदर पुन्हा एकमेकांना शोधतात आणि प्रोबच्या वाट्याला थोडेच येतात.

पीसीआरचं मिश्रण जसंच्या तसं सेन्सरवर ओतू नका. त्यात मीठ कमी असतं, पॉलिमरेज असतो, कधी डिटर्जंट असतं, आणि डिटर्जंट थराला बाधतं. मिठाच्या संहत बफरने ते पातळ करून अंतिम मीठ १ मोलरच्या आसपास आणा. आणि या टप्प्यावरचा ब्लँक नुसता बफर नसावा. सगळं घालून फक्त डीएनए न घातलेली पीसीआरची नळी हा खरा ब्लँक. तिच्याने जी घट येईल ती प्रत्येक नमुन्याच्या घटीतून मनात वजा करूनच निष्कर्ष काढा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या एनसीआयएम संग्रहातून निरुपद्रवी ई. कोलाय आणून त्याचा डीएनएही याच मार्गाने चालवा.

पीसीआरच्या उघड्या नळीतून उडालेला सूक्ष्म थेंबसुद्धा कोट्यवधी प्रती घेऊन जातो. नमुना तयार करायची खोली, पीसीआर लावायची जागा आणि सेन्सरवर मोजायचं टेबल वेगळं ठेवा, पिपेट वेगळे, ॲप्रन वेगळे. सेन्सरच्या टेबलावरचं काहीही परत पहिल्या खोलीत जाता कामा नये.

शेवटी अंध चाचणी. मैत्रिणीला किंवा सहकाऱ्याला सांगा: विहिरीचं, नळाचं, तळ्याचं पाणी घेऊन काही नमुन्यांत सीटीएक्स-एचा कृत्रिम तुकडा घाल, काहींत एलटीचा, काही रिकामे ठेव, आणि नळ्यांवर फक्त आकडे लिही. कृत्रिम तुकडा पीसीआरला चालेल एवढा, दोन्ही प्रायमरच्या जागांसकट लांब हवा. तुम्ही निकाल वहीत शाईने लिहून सही करा, मगच यादी उघडा. सकारात्मक असूनही सुटलेले आणि चुकून सकारात्मक ठरवलेले, दोन्ही आकडे अहवालात द्या. आणि खऱ्या पाण्याच्या नमुन्यात कधी सिग्नल आला तर तो गावभर सांगण्याआधी उरलेलं पाणी जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडे द्या. टीसीबीएस या व्हिब्रिओसाठीच्या माध्यमावर पिवळ्या वसाहती वाढवून आणि पुढच्या चाचण्या करून निर्णय देण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यांच्या अहवालाची प्रत आपल्या रीडिंगशेजारी चिकटवा, जुळली तरी आणि न जुळली तरी.